बोटांचा कौल

“नुसते मिटून चालणार नाही,” प्रणय म्हणाला. “बांधायचे.”

“अरे, जवाई आहेत ते. चोर आहेत का?” बेबीआत्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांनीच मंजिरीच्या खांद्यावरची ओढणी काढून त्याच्या हातात दिली.

“आत्या, डोळे लबाड असतात. रंग पाहून माणूस भुलतो. बोटाला काय हवं ते बोटालाच विचारायचं. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांनी असाच कौल घेतला आहे.”

“म्हणजे आंधळी कोशिंबीर.”

“हो. फक्त बसून खेळायची.”

पौषातला रविवार होता. माझं आणि मंजिरीचं साक्षगंध दिवाळीनंतर झालं होतं, लग्न माघात होतं, आणि पौषात शुभकार्य नसतं म्हणून तिच्या घरच्यांनी मला नुसतंच जेवायला बोलावलं होतं. नागपूरची थंडी खिडकीशी येऊन बसली होती. उन्हाचा एक पट्टा टीपॉयवर पडला होता आणि त्या पट्ट्यात प्रणयनं आपला पसारा मांडला होता. बिनबटणांचा उघडा कीबोर्ड, एक चिमटा, आणि बटणांखाली बसवायच्या स्विचांच्या दोन डब्या. एका डबीतल्या स्विचांच्या दांड्या वांग्याच्या फुलासारख्या फिक्या जांभळ्या, दुसरीतल्या मातकट.

प्रणय मंजिरीचा धाकटा भाऊ. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. मी सिनेमांना मराठी सबटायटल लिहितो, दिवसभर बोटं बडवतो, हे कळल्यापासून त्यानं ठरवून टाकलं होतं की साळ्याकडून जिजूला आहेर म्हणजे हातानं जोडलेला कीबोर्ड.

“दोन्ही टॅक्टाइल आहेत,” त्यानं मला समजावलं. “म्हणजे दाबताना मध्येच एक बारीक खटका लागतो. अंधारात उंबरठा लागतो ना पायाला, तसा. तो बोटाला कळला की समजायचं, अक्षर उमटलं. पुढं तळापर्यंत दाबायची गरज नाही. फरक एवढाच, की हे हलकं आणि हे जड.”

“पुरुषाचा हात आहे. जडच दे,” पेपरामागून मामाजी म्हणाले. ते मंजिरीचे वडील. थट्टा करतानाही त्यांचा पेपर खाली यायचा नाही.

“मी पण तेच म्हणणार होतो,” मी म्हणालो. “जडच दे. कौल कशाला?”

खरंच मी ‘जड’ हा शब्द घरून तयार करून आणला होता. जड म्हटलं की कोणी पुढं विचारत नाही.

“असं नाही जिजू. कौल म्हणजे कौल.”

त्यानं माझे डोळे बांधले. उन्हाचा पट्टा गेला, डब्यांचे रंग गेले. ओढणीला मंजिरीच्या केसांच्या तेलाचा वास होता. “गाठ सैल आहे,” ती म्हणाली, आणि माझ्यामागं येऊन ओढणीची टोकं तिनं आपल्या हातात धरली.

माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, ही दोन बोटं माझी असून माझी नव्हती. तेराव्या वर्षी मला कुष्ठरोग झाला होता. वर्षभर गोळ्या घेतल्या, रोग गेला, डॉक्टरांनी पाठ थोपटली. पण जाताना तो त्या दोन बोटांतली जाण घेऊन गेला, आणि अर्धी ताकदही. चटका लागला तर मला वासावरून कळायचं. माझी आई भंडाऱ्याकडची, धानाच्या रोवणीत चिखलात उभ्या उभ्या ओव्या बांधणारी. माझ्या बोटांना मलम लावताना तिनं एक ओवी बांधली होती:

पाच बोटं पाच भाऊ, त्यात दोन मुके बाई,
बोलत्याची सारी वाणी, मुक्याचं कोणी नाई.

ती हे हळू म्हणायची, शेजारी ऐकू जाऊ नये इतकं.

म्हणून प्रणयच्या त्या दोन डब्या माझ्यासाठी दोन विहिरी होत्या. इनस्क्रिप्टच्या कळमांडणीत मराठी टंकताना त, द, ज, च ही अक्षरं नेमकी याच दोन बोटांच्या वाट्याला येतात. स्विच हलका घेतला, तर टेकलेलं बोट कधी दाबलं गेलं ते मला कळणार नाही आणि पडद्यावर ‘तततत’ अशी मुंग्यांची रांग लागेल. जड घेतला, तर करंगळीत तेवढा जोरच नाही. ऑफिसात मी आठ बोटांनी भागवत होतो, दोन मुडपून ठेवायचो. तिथं कोणी पाहत नव्हतं. इथं सगळं घर माझ्या हाताकडे पाहत बसलं होतं.

आणि या घराला ठाऊक नव्हतं. मंजिरीला होतं. पाहण्याच्या कार्यक्रमात आम्हाला दोघांनाच बोलायला गच्चीवर पाठवलं, तेव्हा मी तिला पहिलं हेच सांगितलं होतं. तिनं विचारलं, “दुखतं?” मी म्हटलं, “नाही. तेच तर.” ती बराच वेळ दोरीवरचे वाळलेले कपडे काढत राहिली. मग म्हणाली, “माझी हरकत नाही.” त्यावर मी जे बोललो ते असं होतं: “मग घरी सांगू नको. लग्न झालं की सांगू.”

याआधीच्या एका स्थळाला आईनं खरं सांगून पाहिलं होतं. ते लोक चहा न पिता उठले. त्यांच्या कपांवर साय धरेपर्यंत मी आणि आई तशीच बसून होतो. त्यानंतर आई मला म्हणाली होती, “बरा झालास ना बापू? मंग कायले सांगाचं?”

“चला, पहिलं बोट. जड का हलकं ते ओळखायचं,” प्रणय म्हणाला. त्यानं माझं मधलं बोट धरून एका स्विचवर टेकवलं.

“जड.”

“बरोबर. हे?”

तर्जनी होती. खटका अगदी नीट लागला, पिकल्या चिंचेचं टरफल बोटाखाली फुटावं तसा. “हलकं.”

“वा. बोटं शहाणी आहेत जिजूंची.”

“टंकणाऱ्याची बोटं,” मामाजी म्हणाले.

मग त्यानं करंगळीशेजारचं बोट उचललं. तो ते उचलतोय हे मला मनगटावरून कळलं. त्यानं ते कुठं ठेवलं, ठेवलं की नाही, हे मात्र नाही. मी खांद्यातून जोर लावला. टीपॉयवर काहीतरी अगदी बारीक वाजलं.

आणि मी परत शाळेत होतो. आरोग्य खात्याचा माणूस वर्गात आला होता. त्याच्याजवळ कातडीला टेकवून जाण तपासायला काड्यांना लावलेले नायलॉनचे धागे होते, केसासारख्या बारीक धाग्यापासून राठ धाग्यापर्यंत. “डोळे मीट. जिथं लागेल तिथं बोट लाव.” पहिले दोनतीनदा मी चुकलो. मग त्याच्या शर्टाची बाही सरसरली की हात जवळ आला, हे माझ्या लक्षात आलं आणि मी सरसरीवर बोट लावू लागलो. तो काही फसला नाही. त्यानं नुसतं “बरं” म्हटलं. मी डोळे उघडले तेव्हा माझ्या बाकावरची दोन मुलं पलीकडच्या बाकावर जाऊन बसली होती.

“जिजू? लागली का झोप?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात डोक्यामागं गाठ हलली. कोणी दाराची कडी हळूच लावावी, एवढीच. मला वाटलं मंजिरीचा हात अवघडला असेल. ती पुन्हा हलली, तशीच हळू.

“हलकं,” मी म्हणालो.

“बरोबर. आता करंगळी. इथं भलेभले गळतात.”

या वेळी ओढणीला चांगला हिसका बसला. माझी मान मागं गेली.

“जड.”

“अरे वा,” प्रणय म्हणाला. “आमच्या ग्रुपमध्ये करंगळीचं कोणाचंच बरोबर येत नाही.” मामाजींनी पेपर मांडीवर ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी टाळी वाजवली. आतून मंजिरीच्या आईनं, मामींनी, विचारलं, “का झालं वो?” आणि मामाजी कौतुकानं म्हणाले, “जवाई पास झाले.”

मी हसलो. ओढणीखाली माझे कान तापले होते. आपल्याच घरात, आपल्याच भावाला, ती माझ्यासाठी फसवत होती, आणि तिचे वडील त्याला टाळ्या वाजवत होते.

“थांब रे प्रणय,” बेबीआत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम जवळ आला. “ही पोरगी फितूर आहे. मी पाहून राहिली केव्हाची. ओढणी हालवून सांगते ती त्याले.”

“आत्या, काहीही.”

“काहीही का? नंदीबैलासारखी मान हालली त्यायची. अजून सात फेरे झाले नाईत, अन् आत्ताच नवऱ्याच्या पार्टीत गेली. चल, तिकडं दाराशी उभी राय. दंड म्हणून नाव घे.”

सगळे हसले. प्रणय म्हणाला, “ताई, चीटिंग?” पण त्यालाही ती थट्टाच वाटली. जावयाला जिंकवायला होणारी बायको खुणा करते, यात कोणाला काय वाटणार? ओढणीची टोकं सुटून माझ्या पाठीवर पडली. आत्यांनी ती कचकचून बांधली. मंजिरीची पावलं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.

“नाव घे, नाई तर सोडत नाई,” आत्या म्हणाल्या.

मग तिनं नाव घेतलं, एरवी बोलते तशाच आवाजात.

“खडा निवडावा डोळ्यांनी, तांदूळ निवडावा हातानं,
भोजराजरावांना निवडलं मी माझ्याच मतानं.”

“मतानं म्हणते,” आत्या म्हणाल्या. “आमच्या काळी मत फक्त इलेक्शनात असे.”

पुन्हा हसू उसळलं. मामाजी सगळ्यांत मोठ्यानं हसले. माझं नाव तिनं चारचौघांत पहिल्यांदाच घेतलं होतं. साक्षगंधाच्या दिवशी माझ्याकडच्या बायकांनी आग्रह केला तेव्हा तिनं टाळलं होतं, लाजली असेल असं सगळे म्हणाले होते.

“चला जिजू, शेवटचं. आता कोणी वाली नाही.” प्रणयनं माझा हात घेतला. “करंगळी. दाबा.”

मी दाबलं, म्हणजे खांद्यापासून मनगटापर्यंत दाबलं. पुढचं मला माहीत नाही. आत कुकरची शिट्टी झाली आणि टीपॉयवरचा बारीक आवाजही त्यात बुडाला. गाठ हलणार नव्हती. दोनांतलं एक सांगायचं होतं. चुकलो असतो तरी काय बिघडलं असतं? भलेभले गळतात म्हणाला होताच तो. जड म्हटलं असतं, हसले असते, पानं वाढली असती, माघ उजाडला असता.

“सांगा ना.”

“प्रणय, मला कळत नाही.”

“अंदाज करा.”

“मघाशी पण अंदाजच होता. मंजिरी सांगत होती म्हणून बरोबर आलं.”

“पाहा,” आत्या म्हणाल्या, “मी का म्हटलं होतं?”

“या दोन बोटांना मला काहीच कळत नाही,” मी म्हणालो. ओढणी डोळ्यांवर होती म्हणूनच पुढचं म्हणता आलं, हे मला म्हणतानाही ठाऊक होतं. “तेराव्या वर्षी मला कुष्ठरोग झाला होता. वर्षभर औषध घेतलं. बरा झालो. पण ही बोटं गेली ती गेली. मंजिरीला मी सांगितलं होतं. तुम्हाला सांगू नको म्हणून मीच तिला म्हटलं.”

हसू जिथं होतं तिथंच थांबलं.

मग आवाज येऊ लागले, एकेक करून. पेपराची घडी होण्याचा आवाज. खुर्ची सरकली. चपला घासत गेल्या, बाहेरच्या दाराची कडी निघाली. आत कोणीतरी गॅस बंद केला. टीपॉयवर काही लहानसं घरंगळलं आणि फरशीवर पडलं. बांगड्या वाजल्या, पण जवळ आल्या की लांब गेल्या ते समजलं नाही. नंतर काहीच नाही.

मी गाठीला हात लावला नाही. जोवर ओढणी होती तोवर कोण गेलं ते पाहावं लागणार नव्हतं. मनात मी एकेकाला उठवलं. मामाजी गेले, कडी त्यांनीच काढली. प्रणयनं स्विच टाकला आणि तो उठला. आत्या आत गेल्या. मामी तर बाहेर आल्याच नाहीत. आत त्यांनी माझ्या पाण्याचा ग्लास बाजूला काढून ठेवला असेल. मंजिरी तेवढी दाराशी उभी असेल, भिंतीला टेकून. आईच्या कानावर हे कसं घालायचं, याची वाक्यंसुद्धा मी जुळवायला लागलो. उजवा हात टीपॉयवर तसाच पडून होता. तो उचलायची शुद्ध नव्हती.

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी डाव्या हातानं मी ओढणी कपाळावर सरकवली.

मामी माझ्यासमोर फरशीवर बसल्या होत्या. कोपरापर्यंत कणकेचे हात. माझी करंगळी त्यांनी आपल्या दोन बोटांत धरली होती आणि तिच्यात अंगठ्याचं नख रुतवलं होतं. बाजारात दुधी कोवळा आहे का पाहायला नख लावतात, तसं. करंगळीवर अशा चार चंद्रकोरी उमटल्या होत्या आणि एकीतून रक्ताचा थेंब वर आला होता.

“मी केव्हाची चिमटे घेऊन राहिली,” त्या म्हणाल्या, “तुमी ‘स्स’ पण नाई केलं.”

“मले वाटलं, थट्टा करून राहिले. माणूस पाहावं म्हणून करते अशी थट्टा.” त्यांनी नख वर सरकवलं. “इथं?”

“नाही.”

“इथं?”

“नाही.”

मनगटाच्या अलीकडे मी हात आखडला. “इथं कळतं.”

“हं.” तिथं त्यांनी कणकेचा एक ठिपका लावला, शेताची हद्द दाखवावी तसा. “मंग चहा डाव्या हातानं घेता ते याच्यासाठी. मी ह्यांले म्हटलं, जवाई डावरे आहेत.”

प्रणय होता तिथंच होता, स्विच शोधायला खाली वाकलेला, आणि त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, गणित सुटत नसल्यासारखं काहीतरी होतं. आत्या दिवाणावर पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. दारात मंजिरी. फक्त मामाजींची खुर्ची रिकामी होती.

“तुले मालूम होतं?” मामींनी मंजिरीकडे न पाहता विचारलं.

मामी गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. नळ सुटला. हात धुतल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि मी मनात म्हणालो, झालं. मग लाटण्याचा आवाज आला. कणीक सुकली होती, म्हणून धुतले होते हात. एका दुपारीत त्या बाईबद्दल मी दोनदा वाईट विचार केला होता.

मामाजी बाहेर पायरीवर उभे होते, पेपर काखेत. मी त्यांच्यामागं जाऊन उभा राहिलो. समोरच्या घरचा एक पोपट पिंजऱ्यात बोलत होता, तो ते ऐकत असावेत.

“औषध पूर्ण केलं?” त्यांनी मागं न वळता विचारलं.

“हो. कागद आहेत.”

“कागद नाही मागितले. कोणाला लागत नाही ना आता?”

“नाही. औषध सुरू झालं की काही दिवसांतच ते थांबतं.”

“माहीत आहे मला. विचारून ठेवतो. उद्या माझे भाऊ विचारतील, त्यांना सांगायला तोंड पाहिजे.” त्यांनी पेपर दुसऱ्या काखेत घेतला. “मंजूला कधी सांगितलं?”

“पाहायला आलो त्या दिवशी. गच्चीवर.”

“म्हणजे तिला अर्ध्या तासाच्या ओळखीत सांगता आलं.”

“हो.”

“अन् आम्हाला सांगायला डोळे बांधावे लागले.”

ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते पोपटाकडे पाहत बोलले. मी पायरीवरच्या चपलांकडे पाहत राहिलो. माझे बूट होते, त्यांच्याशेजारी कोणीतरी मंजिरीच्या चपला जोडीनं लावून ठेवल्या होत्या.

“चला,” ते शेवटी म्हणाले, “पोळ्या गार होतात.”

पानं मांडली गेली. मामींनी मला वाढलं, इतरांना वाढलं तसंच, ना कमी ना जास्त. वांग्याची भाजी होती, भात होता. माझ्या मनगटावर कणकेचा ठिपका वाळून पांढरा झाला होता आणि तो पुसायचा मला धीर होत नव्हता. प्रणय मघापासून भातात बोट फिरवत काहीतरी जुळवत होता.

“जिजू,” तो म्हणाला, “एक विचारू? मग करंगळीखाली काय ठेवू? जड का हलकं?”

“प्रणय,” मंजिरी म्हणाली.

“अगं, ठेवायचं तर आहेच ना काहीतरी.”

घरून आणलेला शब्द अजून जिभेवर होता. मी तो गिळला. “हलकं,” म्हणालो. “त्यांच्यात जोर नाही.”

“पण मग उमटलं का नाही ते कळणार कसं?”

“पडद्याकडे पाहतो. चूक झाली तर दिसते.”

“दिवसभर? छे.” तो परत भातात हरवला. मग त्याची मान वर आली. “त्या दोन बोटांखाली आवाज करणारे देतो. वजनाला हलकेच, पण उमटलं की टक् करतात. कान शाबूत आहेत ना तुमचे?”

“आधी नीट विचारून घे बाप्पा कानाचं,” बेबीआत्या म्हणाल्या, आणि मामाजींच्या घशात घास अडकल्यासारखा आवाज झाला. ते हसले होते.

ते दोन-चार टक् करणारे स्विच आता आमच्या घरात जुने झाले. मी हे लिहितोय तेही त्यांच्यावरच. ज आला, त आला, की वाजतं. मंजिरी शेजारच्या खोलीतून ओरडते, “एवढे टक् टक् कोणाच्या नावात आहेत हो?” आणि मी सांगतो. पण त्या दुपारची गोष्ट इथं संपली नव्हती.

जेवण झाल्यावर मी मागच्या मोरीत हात धुवायला गेलो. मंजिरी टॉवेल घेऊन आली. नळाखाली माझा हात तिनं पाहिला. नखांच्या कोरी आता लालभडक झाल्या होत्या.

“दुखतंय क—” ती सवयीनं म्हणाली, आणि थांबली.

“रागावलीस?”

“कशाला? सांगून टाकलं म्हणून?”

“हो.”

“नाही.” तिनं टॉवेल दांडीवर टाकला, सुरकुती काढली, पुन्हा काढली. “आईनं मला मघाशी आत विचारलं, इतके दिवस काहून नाही सांगितलं. मी म्हटलं, त्यांना लाज वाटत होती. तर ती म्हणाली, त्यांना वाटत होती हे समजलं, तू कायले रोज मान खाली घालून जेवत होतीस?”

मी नळाकडे पाहत होतो.

“तिला वाटत होतं, मला हे लग्न मनातून नको आहे. दिवाळीपासून ती त्याच काळजीत होती. रात्री बाबांना म्हणायची, पोरीला विचारा एकदा. माझ्याच घरात मी आईच्या तोंडाकडे पाहून जेवले नाही. तुम्ही दर रविवारी फोनवर विचारलंत, कोणाला कळलं तर नाही? तू कशी आहेस, ते एकदाही विचारलं नाही.”

ती हे भांडल्यासारखं म्हणाली नाही. भाजीत मीठ कमी होतं, हे सांगावं तसं म्हणाली आणि आत गेली. आत मामींनी तिला काहीतरी विचारलं, आणि तिनं उत्तर दिलं. मग दोघी हसल्या. तिचं हे हसू मी त्या घरात पहिल्यांदाच ऐकत होतो.

हात केव्हाच स्वच्छ झाला होता. मी तो काढून घेतला नाही. पौषातलं पाणी होतं. तीन बोटं गारठून ठणकायला लागली. बाकीची दोन त्याच धारेखाली निवांत होती, दुसऱ्याच कोणाच्या घरची असल्यासारखी.